ज्वालामुखीवर एक कळशी

अंधेरीला ज्वालामुखीपासून धोका आहे, हे आमच्या घरात पहिल्यांदा मी सांगितलं, आणि तेही कोणी विचारलेलं नसताना.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मार्च महिना. बायकोला, सुनंदाला, नववा लागला होता. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपणासाठी मालवणहून तिच्या मावशी आल्या होत्या. मला साधं दूध तापवता येत नव्हतं (अजूनही उतू जातं), त्यामुळे सगळी भिस्त मावशींवर.

रविवारी दुपारी बिल्डिंगने भाड्याने व्हीसीआर आणला. सिनेमा इंग्रजी, ज्वालामुखीचा. डोंगर फुटतो, गाव पळत सुटतं, हिरॉईनचे केस मात्र विस्कटत नाहीत. मी शेजारी बसून मावशींना सगळं समजावत होतो. (इंग्रजी मलाही कळत नव्हतं, पण लाव्हाला कुठली आलीय भाषा!)

घरी चहा पिताना मावशी म्हणाल्या, "बरां झालां, असलां काय आपल्याकडे नाय."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण नुकताच मी पेपरच्या पुरवणीत एक लेख वाचला होता.

"नाही कसं? ही मागची गावदेवीची टेकडी लाव्हाचीच आहे."

मावशींनी बशी खाली ठेवली. "ह्यां तुमी माका आदी कित्याक सांगूक नाय?" आणि त्या पिशवीत लुगडी भरू लागल्या.

"अहो मावशी, कोट्यवधी वर्षं थंड आहे ती."

"माजो घोव बारा वर्सां थंड होतो. तेराव्या वर्साक ताट भिरकावल्यान."

थंड नवऱ्यांबद्दल पुरवणीत काही दिलेलं नव्हतं. सुनंदा शांतपणे म्हणाली, "मावशी गेली, तर बाळाला अंघोळ तुम्ही घालणार?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी मावशींना टेकडी दाखवायला नेलं. वर कुठे तोंडबिंड नाही, हे त्यांनी डोळ्यांनी बघावं म्हणून. पायऱ्या चढताना मी तीनदा बसलो, मावशी एकदाही नाही. वर देवीचं देऊळ, गार वारा, कुठेही धूर नाही. मी जिंकलोच होतो. तेवढ्यात मावशींनी वाकून, तव्यावर धरावा तसा, काळ्या कातळावर हात धरला.

"गरम आसा."

"उन्हाने, मावशी!"

"चूल पण आदी अशीच गरम लागता, मगे भडकता."

त्या तडक देवीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "आई, पोर सव्वा म्हयन्याचा होईसर ह्या डोंगराक थंड ठेव. आमचे जावयबापू रोज कळशीभर पाणी घालतले."

नवस मावशींचा, कळशी माझ्या खांद्यावर. पण मावशी राहिल्या. रोज ऑफिसच्या आधी मी पाणी घेऊन चढायचो आणि कातळावर ओतायचो. खालचा नारळवाला विचारायचा, "काय साहेब, झाड लावलंय काय वर?" मी हो म्हणायचो.

मुलगी झाली, गुटगुटीत. सव्वा महिना झाल्यावर मावशी गावी गेल्या. सुनंदा म्हणाली, "सुटलात एकदाचे. आता कळशी ठेवून द्या माळ्यावर." मीही मोकळा झालो. टेकडी कोट्यवधी वर्षं थंड आहे, हे ऑफिसात चार जणांना हसत हसत सांगितलंसुद्धा.

त्याच आठवड्यात ऑफिसातून परतताना सहज टेकडीवर गेलो आणि कोणी बघत नाहीसं पाहून कातळाला हात लावला. गरम होता. उन्हानेच असणार.

घरी आलो आणि माळ्यावरून कळशी काढली.