आयने भरलेली कणगी

परवा माझे गुडघे धरले म्हणून सुनेने निरगुडीच्या तेलाची बाटली आणली. तिने झाकण उघडलं, तो वास आला मात्र, मी अंगावर ओरडले, "बंद कर आधी ती!" बिचारी दचकलीच. तिला काय ठाऊक? तिने ती वनस्पती बाटलीवरच्या चित्रातच पाहिलेली.

पनवेलच्या बाजाराला सकाळी जाऊन दुपारी परत यावं, एवढ्यावर आमचं गाव. गाढी नदीच्या काठाने निरगुडी नुसती माजलेली असे. गुरं तिला तोंड लावत नाहीत. बायकांचं मात्र तिच्यावाचून चालत नसे. पाय मुरगळला, की पाला तव्यावर गरम करून बांधायचा. गोठ्यात डास झाले, की ओला पाला निखाऱ्यावर टाकायचा. बाळंतिणीच्या आंघोळीच्या पाण्यात तर ती हवीच. आणि कणगीत भात भरताना थराथराला तिचा पाला, नाहीतर सोंडे आणि पतंग तुमच्याआधी जेवून मोकळे! आमच्याकडे बांबूच्या दोन कणग्या होत्या, शेणाने लिंपलेल्या. धाकटीतलं भात आधी खायचं. थोरली माणसाच्या उंचीची, ती पावसाळ्यासाठी.

थोरली कणगी दरवर्षी आय भरायची. त्या पौषात तिला सातवा महिना होता, तरी ती आत उतरली. आजी, म्हणजे तिची सासू, अंगणातून ओरडली, "अगो ए, पोट घेऊन कणगीत उतरतंस? लाज हाय काय?"

"तुमी भरता काय मंग?" आय आतून म्हणाली.

"जिभेला हाड नाय हिच्या," म्हणत आजी गेली, पण जाताना हसत होती.

मी शिडीवर उभी राहून सावलीत वाळवलेला पाला तिच्या हातात देत होते. ओला पाला गेला तर भात कुजतं, म्हणून ती एकेक मूठ कुस्करून बघायची. मग भातावर तो पसरून वरून हात फिरवायची, झोपलेल्या पोरावर गोधडी सारखी करावी तसा. कणगी भरल्यावर तिने तोंडावर झाकण ठेवलं, वरून शेणमाती लिंपली आणि चार बोटांनी गोल गोल रेघा ओढल्या. शेवटी मधोमध पंजा दाबला. उरलेल्या पाल्याच्या जुड्या तिने आढ्याला टांगल्या. "या माझ्या न्हाणाला," मला म्हणाली. "बाळ झाल्यावर तू पाणी तापवशील ना गो?"

शिमग्यात ती बाळंतपणातच गेली. बाळही गेलं. आजीने आढ्यावरच्या जुड्या काढल्या आणि त्याच पाल्याचं पाणी आयच्या शेवटच्या आंघोळीला तापवलं. चुलीत लाकडं मीच सारत होते. अंगणभर तो वास भरला होता आणि मला एवढंच कळत होतं, की हे पाणी यासाठी नव्हतं. त्या वेळी मला कुणी जवळ घेतलं असतं तर मी चावले असते.

माझा बा मुळात कमी बोलणारा. मिठागरात राबायचा आणि शेती करायचा. आय गेल्यावर त्याचं बोलणं पार आटलं.

वैशाखात गावातल्या कणग्या फुटल्या. पावसाळ्याआधी भाताला ऊन द्यायचं, जुना पाला काढून नवा घालायचा, ही रीतच होती. आजीनेही पाला आणून वाळवला आणि थोरली कणगी फोडायला कोयता घेतला. बाने तिच्या हातातून कोयता काढून घेतला.

"तिनी लिंपलंय ते," तो म्हणाला. "फोडायचं नाय."

"अरं, पाला जुना झाला. तो काय जलमभर राखण करणार हाय?"

"हात लावायचा नाय."

आजी रडली, भांडली, शेजारच्यांना मध्ये घातलं. गावात बोलायला लागले, की याचं डोकं फिरलं. मला तेव्हा बाचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? रोज शाळेतून आले, की मी शिडीवर चढून त्या पंजावर आपला हात ठेवायची. बाही चढत असावा, कारण शिडी कधी कुणी हलवली नाही.

आषाढात धाकटी कणगी रिकामी झाली. घरात पावसाळ्याचं अख्खं भात भरून ठेवलेलं, आणि बा पनवेलला जाऊन रेशनची तांबडी ज्वारी आणायला लागला. तीही पुरायची नाही. आजी आपली अर्धी भाकरी माझ्या ताटात सरकवायची आणि कणगीकडे बघत राहायची. "भरल्या घरात उपास," ती म्हणायची, "ही कंची माया रं बाबा?" बा ऐकायचा आणि उठून बाहेर जायचा.

श्रावणात एका दुपारी पाऊस थांबला होता. मी कणगीला टेकून बसले होते. आतून आवाज आला, बारीक, सुकं गवत कुणी चघळतंय असा. वर पाहिलं तर झाकणाशी पतंग भिरभिरत होते. मी आजीला हाक मारली. तिने कान लावला आणि कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळी बा आला. त्यानेही कान लावला. बराच वेळ तो तसाच उभा. मग त्याने कोयता मागितला.

त्याने लिंपण फोडलं नाही. कडेने कोरत कोरत अख्खं झाकण उचललं आणि पंजा वर राहील असं माळ्यावर ठेवलं. आत हात घातला तर मुठीत नुसतं फोलपट आलं, फुंकर घातली की उडेल असं. थर खाली खाली जात होते, पाला हात लावताच भुगा होत होता, आणि सोंडे बाच्या हातावरून चढत होते. तळाशी थोडं भात त्यातल्या त्यात बरं उरलं होतं. तेही पोखरलेलंच.

"टाक कोंबड्यांना," आजी म्हणाली.

बाने ते पाखडलं, उन्हाची तिरीप आली की वाळवलं, स्वतः कांडलं. बापई माणूस कांडतोय म्हणून बायका दारातून बघायच्या. बघू देत! तो रोज त्यातला मूठभर तांदूळ वेगळा शिजवायचा आणि एकटा खायचा. आजीला आणि मला ज्वारीची भाकरी. भात पिठूळ, काळपट, त्याला जुन्या निरगुडीचा वास यायचा. बा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून खायचा.

मी पुष्कळ दिवस पाहिलं. मग एकदा जाऊन त्याच्या ताटासमोर बसले. म्हटलं, "मला पण दे."

"तुला नाय. किडकं हाय ते."

"दे."

"कडू हाय गो. पोट दुखंल तुझं. जा, भाकर खा."

मी ताट धरून ओढलं आणि किंचाळले, "आय तुझ्या एकट्याची होती काय?"

चुलीपाशी आजीचा हात थांबला. बा माझ्याकडे बघत राहिला. आय गेल्यापासून त्याने मला पहिल्यांदा धड पाहिलं असेल. मग त्याने ताट आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं.

भात कडूच होता. घशाखाली उतरेना. तरी मी दुसरा घास घेतला. त्या दिवसापासून आम्ही दोघं एका ताटात जेवलो. मूठभरावरून अर्ध्या मुठीवर आलो, तरी पुरवून पुरवून खात होतो. भादव्यात तो तांदूळही संपला.