दाढीवालं गाणं

मी पहिल्यांदा त्या दवाखान्याच्या बाकावर बसलो तेव्हा विमलताई एका सिनेमातल्या नायकाला तपासत होत्या. नायक रेडिओत होता. त्याला चंद्रात, विहिरीत आणि आरशात त्याची प्रेयसीच दिसत होती. माझा केसपेपर लिहिता लिहिता विमलताईंनी मान हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "भास हायत याला. याचा नंबर पयला घ्यायला पायजे."

दोन हजार तीन-चार साल असेल. नारपोली या यंत्रमागांच्या वस्तीत एका कापडाच्या दुकानावरच्या माडीवर मनाच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. विमलताई तिथं नंबर लावायच्या. वय पन्नाशीच्या आसपास, जवळच्याच गावातल्या आगरी घरच्या, आणि आवाज असा की गल्लीतल्या लूमचा खडखडाट लाजावा. डॉक्टरांची खोली आणि आमचा बाक यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत होती. आतल्याचं बोलणं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून त्या रेडिओ मोठ्यानं लावत, आणि रेडिओ लावल्यावर स्वतः गप्प बसणं त्यांना जमत नसे.

एकाच गाण्यात सात साड्या बदलून बर्फातून वाळवंटात नाचत जाणाऱ्या नायिकेला उन्माद झालेला होता. दाढी वाढवून, पेला हातात धरून सगळं संपलं म्हणणारा तो नैराश्याचा. त्याच्या घरच्यांना बोलावून घ्या, असं त्या रेडिओला बजावत. सारी दुनिया आपल्या प्रेमावर टपली आहे असं वाटणाऱ्याला संशयाचा विकार. निजामपुऱ्यातले एक लूम चालवणारे चाचा ताईंना बाजी, म्हणजे मोठी बहीण, म्हणत. ते एकदा म्हणाले, "बाजी, ये बेचारा रातभर तारे गिनता है, इसको क्या हुआ?" ताई तत्काळ म्हणाल्या, "दिन में सोता होगा। शिफ्ट बदल के दो इसकी।" चाचा इतके हसले की नंबर आला तरी त्यांना उठवेना. अभंग लागला की मात्र त्या आवाज बारीक करत. देवाच्या गाण्याला त्या हात लावत नसत, ती केस आपली नाही म्हणत.

या थट्टेचा परिणाम डॉक्टरांना आधी कळला. अकलोलीकडचे एक आजोबा महिनाभर 'डोकं जड होतंय' यापलीकडे काही सांगत नव्हते. एके दिवशी आत जाऊन ते म्हणाले, "डाक्टर, माजं ते दाढीवालं गाणं हाय." डॉक्टर गोंधळून बाहेर आले आणि त्यांनी विचारलं की दाढीवालं म्हणजे नक्की कुठलं. ताईंनी समजावलं. त्या दिवशी आजोबांना बरोबर औषध मिळालं. पुढं कुणी आत जाऊन 'सात साड्या' म्हटलं तरी डॉक्टरांना विचारायला बाहेर यावं लागलं नाही.

माझं दुखणं हसण्यासारखं होतं, म्हणूनच त्याची जास्त लाज वाटायची. मी एका गोदामात सुपरवायझर होतो. संध्याकाळी शटरला कुलूप लावायचं, ओढून बघायचं, रिक्षात बसायचं आणि लगेच उतरून पुन्हा बघायला जायचं. एकदा तर अकरा वेळा गेलो. रिक्षावाल्याला वाटलं, मी चोरीसाठी जागा हेरतोय. त्यातच माझं लग्न ठरलं होतं. अश्विनी मला मनापासून आवडली होती. हे कळलं तर ती नाही म्हणेल, या भीतीनं माझी झोप उडाली होती.

रिमिक्सचा जमाना होता. एक दिवस रेडिओवर असंच एक गाणं लागलं, ज्यात गायक एकच ओळ परत परत म्हणत होता. ताई म्हणाल्या, "मंत्रचळ. याचं धृपद अडाकलंय, कडवं पुढं सराकतच न्हाय." बाक हसला. मीही हसलो, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं मी स्वतःला वेडा म्हणत होतो, आणि झालं काय होतं, तर धृपद अडकलं होतं.

ताईंनी ते पाहिलं. बाक रिकामा झाल्यावर मी त्यांना अश्विनीबद्दल सांगितलं आणि लग्न होईपर्यंत हे लपवावं म्हणतो, असंही सांगितलं. त्या केसपेपर लावत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "बग पोरा, गाण्यात समदे छाती फुगवून पागल, दिवाना म्हनतात, त्यांना टाळ्या भेटतात. हितं आला का मानूस त्वांड लपवतो. मी पन लपवलेलं. हितं नोकरीला मागून लागले मी. आधी नंबर लावून आलेले."

मी बाकावरचे उरलेले केसपेपर गोळा करून त्यांच्या हातात दिले.

पुढच्या शनिवारी मी अश्विनीला साड्या बघायला म्हणून नारपोलीत आणलं आणि दुकानाऐवजी जिना चढायला लावला. पाटी वाचून ती थबकली, पण वर आली. ताईंनी आम्हाला बाकावर बसवलं. मला वाटलं होतं, त्या बोलायला सुरुवात करून देतील. पण गाण्यांमागून गाणी लागली आणि विमलताई चक्क गप्प. त्यांना इतकं गप्प मी कधीच पाहिलं नव्हतं. शेवटी मीच सगळं सांगितलं, कुलपापासून अकरा फेऱ्यांपर्यंत.

अश्विनीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी गोदामापाशी थांबत जाऊ का? कुलूप मी बघेन, तुम्ही रिक्षात बसा."

आता ताईंना राहवलं नाही. "तू बी बघायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "दोगं रिक्षात बसायचं आन् घरी जायचं. जीव कासावीस होईल, होऊ दे. थोड्या येळानं कमी होतो."

तसंच केलं. पहिल्या दिवशी अश्विनीनं रिक्षात माझा हात इतका घट्ट धरला होता की माझ्या मनगटावर तिच्या बांगड्यांचे वळ उठले. वर्षभरात फेऱ्या थांबल्या. लग्नात ताई आल्या, हळदीला धवले, म्हणजे आगऱ्यांची लग्नाची गाणी, गायल्या आणि माझ्या आईच्या ताटातलं मटण खाऊन गेल्या.

दोन हजार नऊमध्ये त्या अचानक गेल्या. दहाव्याला मी अश्विनीला आणि मुलीला घेऊन त्यांच्या गावी गेलो. अंगणात बरेच अनोळखी चेहरे होते. ताईंचे दीर प्रत्येकाला विचारत होते की तुम्ही कोणाकडचे. लोक 'ओळखीचे' एवढंच पुटपुटत होते. दीर माझ्यापाशी आले तेव्हा तोच शब्द माझ्याही जिभेवर आला होता. मी तो गिळला आणि म्हणालो, "मी त्यांच्या दवाखान्यातला पेशंट. मनाच्या."

मग कोपऱ्यातले एक इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ, जे दोन वर्षं माझ्या शेजारी बसून भिंतीकडे बघत असत, हळूच म्हणाले, "मी पण." मागून एक बुरख्यातली बाई म्हणाली, "मैं भी." एका म्हाताऱ्यानं नुसता हात वर केला. दीर आम्हाला एकेक करून एकाच चटईवर बसवू लागले. शेवटी शेजारच्या घरातून दुसरी चटई आणावी लागली.