गणपतीला पट्टा, नातीला मांडी

सासऱ्यांशी मी बऱ्याच लढाया हरले. एक मात्र अशी जिंकले, की आजही ती आठवली की एकटीच हसत बसते.

सासरे म्हणजे आमचे अप्पा. धारवाडच्या कोर्टात जन्मभर वकिली केलेले, आणि निवृत्तीनंतर जेवणाच्या ताटावरही उलटतपासणी घेणारे. दोन हजार सालानंतर कधीतरी नणंद परदेशातून सुट्टीला आली आणि जाताना आपल्या मुलाची गाडीत बसायची खुर्ची माझ्या लेकीसाठी ठेवून गेली. पट्ट्यांची, जाड गादीची. अप्पांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "वासरू आहे का ते, दावणीला बांधायला?"

त्यांच्या मते पोराची जागा एकच, आजोबांची मांडी, आणि तीही पुढच्या सीटवर. नवऱ्याला हे पटत नसे, पण वडिलांसमोर तो फक्त गाडीची काच पुसायचा. एकदा हुबळीच्या वाटेवर रायापूरजवळ म्हैस आडवी आली, करकचून ब्रेक लागला आणि लेकीचं कपाळ समोर आपटलं. लिंबाएवढं टेंगूळ आलं. अप्पा शांतपणे म्हणाले, मांडी होती म्हणून वाचली. त्या दिवसापासून मी त्या मांडीशी उघड वैर धरलं. रोज खुर्ची लावायची मी, रोज ती काढून डिकीत टाकायचे ते. वर विचारायचे, कुठल्या कायद्यात लिहिलंय, कलम दाखव. कलम नव्हतं. हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं, म्हणूनच ते विचारायचे.

मग गणपती आले. आमची मूर्ती दरवर्षी हुबळीहून, एकाच मूर्तिकाराकडून यायची. शाडूची, नाजूक. ती आणायला आम्ही सगळे गाडीनं गेलो. मी लेकीला घेऊन मूर्तीवर घालायचं वस्त्र आणायला शेजारच्या दुकानात गेले. परत येऊन पाहते तर मागच्या सीटवर खुर्ची लागलेली, आणि तिच्यात गजानन. छातीवरून पट्टा, पोटावरून पट्टा, सोंडेखाली घडी घातलेला टॉवेल. मी दहा वेळा सांगूनही न लावलेली बकलं अप्पांनी स्वतः लावली होती. आणि आता पुढे बसून नातीला मांडीवर घ्यायला ते हात पसरून तयार.

मी मागचं दार उघडलं, पट्टे सोडले, शेजारी बसून मूर्ती माझ्या मांडीवर घेतली आणि नवऱ्याला म्हटलं, हिला खुर्चीत बसव.

अप्पा गर्रकन वळले. "मांडीवर मूर्ती? ब्रेक लागला तर फुटेल की ती."

मी याच वाक्याची वाट बघत होते. "आणि पोर, अप्पा?"

मूर्तिकार हातातला ब्रश तसाच धरून आमच्याकडे बघत राहिला. नवऱ्यानं काहीतरी पुटपुटायला तोंड उघडलं, तर अप्पा त्याच्यावरच खेकसले, "सुम्न कुंद्रु." म्हणजे गप्प बस; चिडले की ते कन्नडमध्ये जात. पण तोवर लेकीला त्यानं खुर्चीत बसवलं होतं आणि बकलही लावलं होतं. लग्नानंतर इतकी मोठी बंडखोरी त्यानं पहिल्यांदाच केली.

अप्पा उतरले. मूर्ती माझ्याकडून जवळजवळ हिसकावून घेतली आणि पुढे जाऊन स्वतःच्या मांडीवर ठेवली. मग हुबळी ते धारवाड आमची गाडी बैलगाडीसारखी आली. दर खड्ड्याला अप्पा ओरडत, हळू. मागून बसवाले हॉर्न मारत आणि ओव्हरटेक करताना आमच्या घराण्याचा उद्धार करत. लेक खुर्चीत मान टाकून झोपली होती.

घरी मूर्ती अखंड पोचली. संध्याकाळी आरतीला जमलेल्या सगळ्यांना अप्पांनी सांगितलं, की आमची सून पोरांना बांधून ठेवते आणि देवाला मोकळं सोडते. मी हसून प्रसाद वाटला. त्यांना ते हसणं जास्त झोंबलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी निकाल जाहीर केला: "ज्या गाडीत पोर बांधतात, त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही."

तो त्यांनी पाळला. हुबळीला जायचं असलं की बसस्टॉपवर उभे राहत. आम्ही गाडी हळू करायचो, लेक खुर्चीतून दोन्ही हात हलवायची, आणि अप्पा वर्तमानपत्र डोळ्यांपर्यंत वर धरायचे. मी मात्र पुढच्या सीटवर, पदर सारखा करत, त्यांना नमस्कार केल्याशिवाय पुढे जायचे नाही.