गुरुवारच्या खोलीची किल्ली

दारू सुटली की माणसाकडं दोनच गोष्टी उरतात. मोकळी संध्याकाळ आणि किस्से! संध्याकाळ आम्ही दर गुरुवारी गारखेड्यातल्या एका शाळेच्या मागच्या खोलीत घालवतो. किस्से तिथंच साठतात. खोलीतलं बाहेर काढायचं नाही असा नियम आहे. म्हणून ज्याचं त्याला विचारून, नावं बदलून सांगतो. माझी शाळा चौथीपर्यंत. वाढवून सांगायला जमत नाही.

*

पत्ता सुनेनं शोधला. मी वैजापूरच्या मार्केट यार्डात जन्मभर मापाडी, आता शहरात लेकाकडं. माझ्या काट्याकडं कुणी बोट दाखवलं नाही. अशा माणसानं दारुड्यांच्या मीटिंगला जायचं? रिक्षात बसलो आणि म्हणालो, "दत्तमंदिरापाशी सोड. दर्शनाला जायचंय."

मंदिर आलं. रिक्षा थांबली नाही.

"अरे, मंदिर मागं गेलं!"

त्यानं आरशात पाहिलं. "चाचा, मीटिंग कू जाना है ना? बैठो, मैं बी वहींच जारा!"

हा आमचा सलीमभाई.

*

आत जोशीकाका होते, निवृत्त कारकून. खोली तेच सांभाळतात. मी दारातूनच सांगितलं, "मी फक्त बघायला आलोय."

"आम्ही सगळे बघायलाच आलो होतो," काका म्हणाले. "चहा घ्या."

*

पुढं काकांनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. आमची पद्धत अशी की ज्याच्याकडं किल्ली, त्यानंच कुलूप उघडायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. तो येईपर्यंत सगळ्यांनी बाहेर उभं राहायचं.

मला वाटलं, वयाचा मान ठेवला. घरी देवघरापाशी खिळा ठोकला, किल्ली टांगली. सुनेला ऐकवलं, "माणसाची पारख असलेले लोक आहेत हे!"

सलीमभाईला हे सांगितलं तर तो रिक्षा कडेला घेऊन हसला. "चाचा, चाबी उसकू देते जिसका भरोसा नै!"

डोकं फिरलं. गुरुवारी मुद्दाम उशिरा गेलो. किल्ली काकांच्या अंगावर फेकायची आणि परत फिरायचं, असं ठरवून.

तिरप्या उन्हात सगळे उभे होते. कुणी घड्याळ पाहिलं नाही. काका फक्त दारापासून बाजूला सरकले.

कुलूप उघडलं. फेकायचं राहून गेलं.

*

एका गुरुवारी सलीमभाई रिक्षातून उतरेना. दोन्ही हात हँडलवर, मानेवरून घाम. मागच्या सीटवर कुणी प्रवासी दारूची बाटली विसरला होता.

"चाचा, उठाव इसको. मेरेकू पीछे देखना नै होरा."

मी उचलली. बूच सैल होतं. वास आला. खोलीबाहेरच्या नळापर्यंत गेलो. तेवढं अंतर मला कधी लांब वाटलं नव्हतं. तोंड फिरवून ओतली.

तेवढ्यात एक तरणा गडी पळत आला. "भाई, माझी बाटली राहिली!"

सलीमभाईनं खोलीकडं बोट केलं. "वो मीटिंग में गई. तू बी जा!"

आणि तो गेला की!

*

तो विलास. पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करतो. बायको, सुनीता, लेकीला घेऊन खुलताबादला माहेरी निघून गेलेली. मीटिंगला लागल्यावर गडी सावरला. मग नजर चुकवायला लागला. काकांनी माझ्याकडची किल्ली मागून घेतली आणि त्याला दिली.

मग सुनीताचा मेसेज आला. विलासनं आम्हाला वाचून दाखवला. "गुरुवारी मीटिंगच्या ठिकाणी येते. शुद्धीत दिसलात तर बोलू. नाय तर ही शेवटची भेट."

"अण्णा, दिसंन ना मी?" त्यानं मला विचारलं.

"मला काय विचारतो? वेळेवर येऊन कुलूप उघड," मी म्हणालो.

*

गुरुवार उजाडला आणि मावळतीला आला. लाईट गेलेली. आम्ही दारापाशी, सुनीता लेकीचा हात धरून फाटकापाशी. विलासचा पत्ता नाही. सलीमभाई रस्त्यापर्यंत जाऊन आला. मान हलवली.

"माझी गाडी चुकंल," सुनीता म्हणाली.

"थांब, बाई," काका म्हणाले. येईल, असं मात्र ते म्हणाले नाहीत.

अंधार पडला तेव्हा तो आला. शर्ट चुरगळलेला. एकेक पाऊल जपून टाकत होता. ती चाल आम्ही सगळे ओळखतो.

"पिऊन आलात ना?" सुनीतानं विचारलं.

त्याच्याकडं सबबींचा कधी तोटा नव्हता. मी वाट पाहत होतो, आता कोणती काढतो.

"व्हय," विलास म्हणाला. "दुपारी."

सुनीतानं लेकीची पिशवी खांद्याला लावली आणि फाटकाबाहेर निघाली.

विलासनं किल्ली माझ्यापुढं धरली. "अण्णा, तुम्ही घ्या. माझा काय भरोसा नाय."

मी हात पाठीमागं बांधले. "म्हणूनच तुझ्याकडं आहे. उघड!"

तो कुलपापाशी वाकला. किल्ली भोकात जाईना. एकदा खाली पडली. चाचपडून उचलली. पुन्हा जाईना. सलीमभाई पुढं सरकला, तर काकांनी त्याचा दंड धरला. सगळे उभे. कुणाचा हात लागणार नव्हता.

फाटकाकडून पावलं परत आली. सुनीता विलासच्या शेजारी येऊन उभी राहिली. मोबाईलची टॉर्च लावली आणि उजेड कुलपावर धरला.