तिकडचा म्हणजे कुठला

आधी काकाजींबद्दल. मलकापूरच्या एका शाळेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, माझ्या खोलीच्या खाली राहणारे. ते नसते तर माझ्या भडंगाचं नाव आज दुसऱ्याचं झालं असतं.

मी जयसिंगपूरकडचा. सातवीत शाळा सुटली, चुरमुऱ्याच्या भट्टीवर लागलो आणि फिरत फिरत मलकापुरात येऊन भडंग विकू लागलो. इथं भडंग हा शब्द कुणाच्या तोंडी बसेना. गिऱ्हाईक म्हणायचं, "तो तिकडचा चिवडा दे." शेवटी मी पाकिटावर तेच छापलं: तिकडचा. धामणगाव बढेपासून दुसरबीडपर्यंत दुकानांत माल जाऊ लागला.

मग एकाने हुबेहूब पाकीट काढलं. नाव तेच, रंग तोच, आत खवट शेंगदाणे. लोक ती खवट पाकिटं माझ्याकडे आणून द्यायचे आणि मी घाबरून बदलूनही द्यायचो. दुकानदार म्हणाले, नावाचा कागद ज्याच्याकडे, त्याचाच माल ठेवू. मला जेवण जाईना.

काकाजींनी संगणकवाल्याच्या दुकानात बसून ट्रेडमार्कचा अर्ज भरला. काही महिन्यांनी उत्तर आलं ते हरकतीचं. हा शब्द माल कुठला ते ठिकाण दाखवतो, म्हणून तो कुणा एकाला देता येत नाही.

"संपलं, काकाजी," मी म्हणालो.

"काऊन संपलं बे? तिकडचा म्हंजे कुठला, हे त्यायले तरी माहीत हाये का?"

दुसऱ्या दिवशी ते माझा मोबाईल घेऊन एसटीत बसले. माझा माल ठेवणाऱ्या पाच दुकानदारांना त्यांनी एकच सांगितलं, "तिकडचा म्हंजे कुठला, बोट दाखव." आणि फोटो काढले. एकाचं बोट बुलढाण्याकडे, दुसऱ्याचं रेल्वेच्या रुळांकडे, तिसऱ्याचं स्वतःच्या सासुरवाडीकडे. चौथ्याने वर दाखवलं. पाचवा हात खिशात ठेवून म्हणाला, "कोनाचं तिकडं?" तोही फोटो घेतला. नंबर टाकून, प्रत्येकाखाली दिशा लिहून काकाजींनी उत्तर पाठवलं.

सुनावणी मोबाईलवरच, व्हिडिओ कॉलने झाली. "तू फक्त हो साहेब म्हन," काकाजींनी मला बजावलं होतं.

अधिकाऱ्यांनी फोटो बघितले. "चार नंबरचे गृहस्थ वर बोट का दाखवताहेत?"

"हो साहेब," मी म्हणालो.

काकाजींनी कपाळाला हात लावला. "साहेब, त्याचा माल माळ्यावर राह्यते."

"अर्जदार मूळचे कुठले?"

"जयसिंगपूरचा, साहेब."

"मग तिकडचा म्हणजे जयसिंगपूरचा."

इथं मला हो साहेब म्हणवेना. "न्हाई साहेब. गावाकडं गेलो की भावजय म्हणते, आले तिकडचे पावणे."

साहेबांनी फोटोंवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे तुम्ही तिकडंही तिकडचेच?"

"हो साहेब."

काकाजींनी मोबाईल आपल्याकडे वळवला. "तुमी तं मुंबईत बसून हाये. आमच्यासाठी तुमी बी तिकडचेच."

"मग मी केलेला चिवडाही तिकडचा ठरेल."

"हाव. पन तुमी करत नाही."

साहेब बराच वेळ खाली मान घालून लिहीत राहिले.

हरकत मागे घेतली गेली. नाव सरकारी जर्नलमध्ये छापून आलं. विरोध करायला चार महिन्यांची मुदत असते. ते चारही महिने जिन्यावर पाऊल वाजलं की मला वाटायचं, तो नकली पाकीटवाला आला. कुणी आलं नाही. दाखला हातात पडला, त्याच्या झेरॉक्स मी दुकानोदुकानी वाटल्या. त्या दुसऱ्याने आता पाकिटावर 'इकडचा' छापलंय. दाणे खवटच.

काकाजींनी काही घेतलं नाही. दात नाहीत, भडंगही चालत नाही. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. साऱ्या गल्लीचे फॉर्म भरणारा हा माणूस स्वतःचा दवाखान्याचा फॉर्म तेवढा भरत नाही, "पाहू" म्हणतो. माझं अक्षर वाईट, रकान्यात मावत नाही. तरी तो फॉर्म मीच भरणार, त्यांना घेऊन जाणार आणि पट्टी सुटेपर्यंत तिथंच बसून राहणार. कधी, ते काकाजींनी सांगायचं.