कार्डावर ज्वारी, घरात पेज

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट. लालबागच्या आमच्या रेशन दुकानात गेले, तर यावेळी तांदूळ कमी आणि ज्वारी जास्त.

आम्ही मालवणी माणसं. त्यात सासरे नुकतेच आजारातून उठलेत, पेजेशिवाय काही पचत नाही. दुकानदाराला म्हटलं, "दादा, ज्वारी ठेवा, त्याबदली तांदूळ द्या ना."

"वहिनी, मशीनवर येतं तेवढंच देता येतं मला."

मागून एकजण बोललाच, "फुकट मिळतंय ना? मग आवडनिवड कसली?"

असा संताप आला! पण माझ्याआधी रांगेतल्या कांबळेकाकू वळल्या. शेजारच्या चाळीतल्या, मूळच्या सोलापूरकडच्या. "फुकट असलं म्हणून पोट बदलतंय व्हय, भाऊ?"

बाहेर आल्यावर काकूंनी पिशवीच पुढे केली. "हा तांदूळ घे, ज्वारी मला दे. आमच्यात भाताला कोण विचारतंय!" तिथेच पायरीवर बसून आम्ही अदलाबदल केली.

दुपारी सासऱ्यांनी पेज संपवून पुन्हा वाटी पुढे केली. कितीतरी दिवसांनी!

संध्याकाळी काकू दारात. हातात ताट, ताटात गरम भाकऱ्या. "तुझीच ज्वारी हाय. आत्ता दळून आणली."

आता ताट रिकामं कसं परत करायचं? घावण्यांसाठी त्यांच्याच तांदळातले थोडे भिजत घातलेत.

कुणाला काय मिळणार ते मशीन सांगतं. कुणाला काय पचतं ते शेजाऱ्यालाच ठाऊक. तुमच्या रांगेत आहेत का अशा काकू?