फेण्या राखता राखता तिसरं प्रकरण

कॉलेज उघडायच्या आत प्रबंधाचं तिसरं प्रकरण मिळालं नाही, तर माझी पीएचडीची नोंदणी रद्द करा असं आपणच विद्यापीठाला कळवू, असं गाईडनी बजावलं होतं. मुदतवाढी वापरून संपल्या होत्या. घरातली आजारपणंही सगळी सांगून झाली होती.

मी महाडला कॉलेजात शिकवते, बिरवाडीत राहते आणि याद्यांवर जगते. मे महिन्याच्या सुट्टीत कुडपणच्या वाटेवरच्या आमच्या वाडीत सासूबाईंकडे जायचं आणि रोज सकाळी लिहायचं, असं ठरवून मी चार रंगांत वेळापत्रक केलं. ते इतकं देखणं झालं की त्या दिवशी आणखी काही लिहावंसं वाटलं नाही.

वाडीत ओटीवर लॅपटॉप उघडला आणि कळलं, इथे बसलेली बाई म्हणजे रिकामी बाई.

"वहिनी, टाइमपास चाललाय काय?" मुंबईहून आलेले धाकटे दीर टेकले. "चहा टाका ना जरा."

चहा टाकला. मग शेजारच्या काकी आल्या. "एवढी शिकलीस, नोकरी हाय, आता परीक्षा कसली देतेस गो?" त्यांनाही चहा. माझ्या प्रबंधाचा विषय डोंगरवाड्यांतून मुंबईला गेलेली माणसं. ती सगळी मे महिन्यात परत येऊन माझ्याच ओटीवर बसत होती, आणि त्यांच्यावर लिहायला मला वेळ मिळत नव्हता. आठवडाभरात माझं एक वाक्य झालं. तेही कर्मणी प्रयोगात.

शेवटी सासूबाईंनीच मला कामाला लावलं. अंगणात खाटेवर साडी पसरून पापडासारख्या तांदळाच्या फेण्या वाळत घातल्या होत्या.

"नायतरी रिकामीच हायस. ही काठी घे आन् फेण्या राख. वानरं लय माजलीत."

मी काठी मांडीवर ठेवली आणि काठीवर लॅपटॉप. जरा वेळाने दीर आले.

"वहिनी, चहा..."

"दिसत नाय काय तुला?" सासूबाई आतून कडाडल्या. "ती फेण्या राखतेय! तुझा तू ठेव."

आणि त्यांनी ठेवला! काकी फाटकातूनच "राखण हाय वाटतं" म्हणून परत गेल्या. लिहिणं कुणीही मोडावं, राखण कुणी मोडत नाही. दुसऱ्या दिवसापासून ऊन अंगणात आलं की मी आपणहून काठी मागायला लागले. फेण्या संपल्या तेव्हा कैरीच्या फोडी वाळवून आंबोशी घालू या, असं मीच सुचवलं. सासूबाईंना वाटलं, सून सुधारली. रोज थोडं थोडं प्रकरण पुढे सरकत होतं आणि वेळापत्रक बॅगेतच होतं.

सुट्टीच्या अखेरीला पुन्हा घातलेल्या फेण्यांचा शेवटचा घाणा खाटेवर पडला. माझाही शेवटचा परिच्छेद चालू होता. कौलांवर धडधड झाली, ती मी ऐकली. पण वाक्य अर्ध्यात होतं. ते पूर्ण केलं, त्याच्या मागचंही दुरुस्त केलं आणि वर पाहिलं, तर खाटेवर नुसती साडी उरली होती. कौलांवर एक वानर शांतपणे शेवटची फेणी खात होतं.

सासूबाई बाहेर आल्या. "आन् तू काय बघत होतीस?"

"निष्कर्ष," मी म्हटलं.

त्या खाटेकडे बघत राहिल्या, मग लॅपटॉपकडे. "झालं काय मग तुझं ते?"

"झालं."

"मग ऊठ. तांदूळ भिजत घाल."

तांदूळ भिजत घातले, वळणावर रेंज येते तिथवर चालत गेले आणि प्रकरण पाठवलं. गाईडचं उत्तर आलं, "मिळालं. चौथं कधी?"

आता पाऊस आहे, वाळवण शक्य नाही. बिरवाडीत रोज सकाळी मी मंद गॅसवर दूध ठेवते आणि ओट्याशी स्टूल ओढून लिहायला बसते. घरात कुणी हाक मारली तर सांगते, दुधावर लक्ष आहे. लगेच सगळे गप्प होतात, कारण मी उठले तर दुधापाशी त्यांना उभं राहावं लागेल. चौथं प्रकरण अर्ध्यावर आलंय. शेगडी मात्र रोज पुसावी लागते.